टोमॅटोची मुळं मातीत की पिशवीत?

सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ल्याच्या बाजारात दिसणारा टोमॅटो बहुतेक घाट उतरून आलेला असतो. बेळगावकडची गाडी आंबोलीचा घाट उतरते, क्रेट बाजारात येतात आणि त्यांतला दबलेला माल दुपारपर्यंत निम्म्या भावाला जातो. गोव्याचीही हीच गत. तिथली भाजी मोठ्या प्रमाणावर बेळगावहूनच येते. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, विहिरींना गोडं पाणी आहे आणि पावसाळा सोडला तर उन्हाला तोटा नाही, तिथल्या माणसाने आमटीत घालायचा टोमॅटो घाटावरून आणावा, याची मला मनापासून खंत वाटते.

म्हणूनच किनारपट्टीत आता बिनमातीच्या शेतीचं, हायड्रोपोनिक्सचं, बोलणं चाललं आहे. नारळाच्या भुशाच्या पिशव्या, खतपाण्याची टाकी, वर प्लास्टिकचं छप्पर. या विषयावर कोकणात जो वाद नेहमी कानावर येतो, तो इथे दोन माणसांच्या तोंडी घातला आहे. मामा साठी उलटलेले. भातानंतर वायंगणात भाजीचा मळा करणारे. भाची शेतकीची पदवी घेतलेली, मामांच्या परसवात पिशव्या मांडू पाहणारी. दोघं कल्पनेतली आहेत, त्यांचा मुद्दा मात्र खरा आहे.

भाची : मामा, मिरची आहे, मुळा आहे, लाल माठ आहे. टोमॅटोचा वाफा दिसत नाही तो?

मामा : सोडला नाद. झाड कमरेएवढं होतं, फुलं धरतं, आणि एके दिवशी भर दुपारी मान टाकतं. पानं हिरवीच. संध्याकाळी जरा सावरतं, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं. दोन-तीन दिवसांत ते मेलेलं असतं आणि शेजारच्याने मान टाकलेली असते. खोड कापून काचेच्या पेल्यात पाण्यात धर, दुधासारखा पांढरा धागा खाली उतरताना दिसेल.

भाची : जिवाणूजन्य मर. राल्स्टोनिया. तो मुळाच्या जखमेतून आत शिरतो आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्याच बंद करतो. म्हणून झाड ओल्या मातीत उभं राहून तहानेने मरतं. आपल्या आंबट, तांबड्या, उबदार जमिनीत तो वर्षानुवर्षं राहतो. फवारून मरत नाही. म्हणून तर म्हणते, मातीच काढून टाकू या. भुसा भरलेली पिशवी, ठिबकचं पाणी, त्यातच खत. जंतूला राहायला जागाच नको.

मामा : जागा नको म्हणतेस, आणि पाणी कुठलं देणार? त्याच विहिरीचं ना? मळ्यातलं पाणी पावसात कुठे जातं ते मला ठाऊक आहे. जंतू पाण्यातून येतो, कोयत्यावरून येतो, विकत आणलेल्या रोपाच्या मुळाला चिकटून येतो. आणि तुझ्या त्या फिरत्या पाण्याच्या नळीत एक झाड आजारी पडलं, तर पाणी शंभर झाडांना पोचवून येईल. मळ्यात निदान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला त्याला दिवस लागतात.

इथे मामांचं म्हणणं नेमकं आहे. मातीविना शेती म्हणजे रोगाविना शेती, ही समजूत विक्रेत्यांनी पसरवली आहे आणि ती लोकांना महागात पडते. पाणी परत परत फिरवणाऱ्या पद्धतीत मुळांचा रोग एकदा आत आला की तो सगळ्यांचा होतो. युरोपातली काचगृहं फिरतं पाणी अतिनील किरणांखालून किंवा गरम करून निर्जंतुक करतात. आपल्याकडे कुणी फिरत्या पाण्याच्या, ‘एनएफटी’च्या, पांढऱ्या नळ्या विकायला आला, तर पाणी निर्जंतुक कसं करायचं हे त्याला पहिल्यांदा विचारावं.

भाची : म्हणून मी पाणी फिरवणारच नाही. प्रत्येक पिशवीला ड्रीपर. दिलेल्यातलं पंधरा-वीस टक्के खालून निथळू द्यायचं, त्यामुळे पिशवीत क्षार साचत नाहीत. निथळलेलं पाणी पुन्हा टाकीत घालायचं नाही. विहिरीचं पाणी क्लोरीन घालून ठेवायचं, रोपं स्वतःच्या ट्रेमध्ये करायची. एक झाड गेलं तर त्याची पिशवी उचलून बाहेर.

मामा : बरं. मुळांचं झालं. वरच्या झाडाचं काय? टोमॅटोला थंडी लागते. नाशिकला, नारायणगावला रात्री अंगावर घ्यावं लागतं. इथे मे महिन्यात मध्यरात्री अंगाला घाम असतो.

भाची : थंडीपेक्षा रात्रीचं म्हणा. दिवस तिशीच्या आत असला आणि रात्र पंधरा ते वीस अंशांत असली की फळधारणा उत्तम होते. रात्र एकवीस-बावीसच्या वर राहू लागली की परागकण कमकुवत होतात, फूल देठापासून गळतं. फळ धरलं तरी बत्तिसाच्या वरच्या उष्म्यात लाल रंग नीट तयार होत नाही, पिवळट-केशरीच राहतं.

मामा : मग? पिशवीत लावलं म्हणून रात्र थंड होणार आहे का?

भाची : पंखे आणि ओल्या पडद्याचं पॉलिहाऊस असतं.

मामा : ते पुण्याला. माझ्या माहितीच्या एकाने इथे बांधलं होतं. पंखे घुं-घुं करायचे, बिल यायचं, आणि आत शिरलं की चष्म्यावर धुकं.

पॉलिहाऊस बांधण्याआधी हा हिशेब प्रत्येकाने करावा. ओला पडदा हवा थंड करतो तो पाण्याच्या बाष्पीभवनाने, आणि ते किती होईल हे हवा आधीच किती ओली आहे यावर ठरतं. तापमापकाच्या टोकाला ओलं कापड गुंडाळून वाऱ्यात धरलं की पारा जिथे थांबतो, त्याच्या खाली कुठलाही ओला पडदा हवेला नेऊ शकत नाही. नाशकात एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर हा ओला पारा २१च्या आसपास थांबतो. चांगला पडदा तिथली हवा २४-२५ अंशांवर आणू शकतो. वेंगुर्ल्यात त्याच दुपारी ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर ओला पारा २८लाच थांबेल आणि पडद्यामागची हवा २९ अंशांची राहील, तीही दमट. म्हणजे जास्त तापणाऱ्या गावाला यंत्र उपयोगी पडतं आणि कमी तापणाऱ्या गावात तेच यंत्र निरुपयोगी ठरतं. हॉलंडच्या काचगृहाचं स्वप्न आपल्या किनाऱ्यावर जसंच्या तसं उतरवू पाहणाऱ्यांनी हा एवढा एक आकडा तरी डोळ्यांपुढे ठेवायला हवा. तिथलं काचगृह थंडीपासून झाडाला वाचवायला जन्मलं. आपल्याला झाड वाचवायचं आहे ते पावसापासून, माशीपासून आणि कोंदलेल्या उष्म्यापासून.

भाची : म्हणून बंद घर नकोच. उंच छप्पर, चार-साडेचार मीटरचं, माथ्यावर गरम हवा निघायला फट, आणि चारी बाजू उघड्या, फक्त जाळी. पानं कोरडी राहिली तर करपा बराच कमी होतो.

मामा : जाळी कसली?

भाची : चाळीस मेशची. पांढरी माशी आत येऊ नये म्हणून. पर्णगुच्छाचा विषाणू तीच आणते.

मामा : पांढरी माशी अडेल इतकी बारीक जाळी म्हणजे वाराही अडला. आत भट्टी. आणि भुंगे अडले. टोमॅटोच्या फुलावर निळ्या पट्ट्याची माशी येते, काळा भुंगा येतो, फूल धरून थरथरवतो. ते कोण करणार?

भाची : टोमॅटोचं फूल स्वतःचं स्वतः फळतं मामा, फक्त हलायला हवं. युरोपात काचगृहात बम्बलबी सोडतात. आपल्या किनाऱ्यावर ती नाही. आपण सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, दव सुकल्यावर, झाड बांधलेल्या दोऱ्या एकेक टिचकावत जायचं.

मामा : रोज?

भाची : निदान एका दिवसाआड. आणि हवा फार दमट असली, ऐंशी टक्क्यांच्या वर, तर पराग चिकटून बसतो, टिचकावूनही सुटत नाही. हे मी मान्य करते.

मामा : अगो, म्हणजे जुलै-ऑगस्ट गेलाच.

भाची : पण भाव जुलैतच असतो! २०२३च्या जुलैत शहरांत दीडशे-दोनशे रुपये किलोने गेला. त्या दिवसांत छपराखाली आपला माल उभा असता तर?

मामा : आणि त्याच वर्षी गणपतीच्या सुमारास शेतकऱ्यांनी रस्त्यावर ओतला, तेही पाहिलंस ना? बाजाराचा भाव धरून झाड लावू नये. जुलैत इथे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. अंधारात झाड उंच वाढतं, बारीक होतं, फूल टाकतं. छप्पर पाऊस अडवेल. ऊन कुठून आणशील?

भाचीकडे या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. भाव चढतो तो त्या महिन्यांत झाडाला जगणं कठीण असतं म्हणूनच. दिवे लावून ऊन तयार करता येतं, पण विजेचा तो खर्च टोमॅटोसारख्या पिकाला पेलत नाही. बिनमातीच्या शेतीची जाहिरात ‘बाराही महिने उत्पादन’ असं म्हणते. उष्ण, दमट किनाऱ्यावर टोमॅटोच्या बाबतीत ते वाक्य खरं नाही, आणि त्यावर विसंबून कर्ज काढणाऱ्या तरुणांची मला काळजी वाटते.

भाची : ठीक. पावसाळा सोडला. पण ही सगळी पद्धत परदेशी, यंत्रांची, श्रीमंतांची, असं तुम्ही नेहमी म्हणता ते मात्र पटत नाही. १९४६मध्ये जेम्स शोल्टो डग्लसने बंगालात कालिंपाँगला याचे प्रयोग सुरू केले. पंप नाही, वीज नाही. खडी आणि वाळूचे वाफे, वरून कोरडं मिश्रण हाताने पसरायचं आणि झारीने पाणी घालायचं. त्यावर पुस्तकही निघालं, ‘बंगाल पद्धत’ या नावाने. गरीब शेतकऱ्याला परवडावं, हाच त्याचा ध्यास होता.

मामा : कालिंपाँग कुठे, डोंगरावर ना?

भाची : बाराशे मीटरच्या वर.

मामा : मग तिथली रात्र आणि वेंगुर्ल्याची रात्र एक कशी?

भाची : एक नाही. पण साधेपणा घेता येतो. माझी टाकी जांभ्याच्या चौथऱ्यावर असेल. वीज असेल तेव्हा भरायची, मग पाणी आपल्या भाराने ड्रीपरला उतरेल. वीज गेली तरी झाड थांबत नाही. नळीतल्या वाहत्या पाण्यावर उभी झाडं पंप थांबला की उन्हाळ्यात तास-दोन तासांत कोमेजतात. भुशाची पिशवी ओल धरून ठेवते. म्हणून मला पिशवीच हवी.

मामा : पिशवी उन्हात तापेल.

भाची : बाहेरून पांढरी, आतून काळी घ्यायची. जमिनीवर सावलीत ओळीने, झाडाच्याच पानांखाली. मुळांपाशी पंचविसाच्या आसपास ठेवायचा प्रयत्न. पाणी वीस अंशांवर असलं तर लिटरमध्ये नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांवर साडेसात. आणि उष्ण मुळाला प्राणवायू जास्त लागतो. कमी मिळाला की पिथियमची सड. म्हणून टाकी उन्हात नको. आपल्या विहिरीचं पाणी वर्षभर सव्वीस-सत्तावीस अंशांवर असतं. एप्रिलच्या दुपारी तेच आपल्याला थंड.

मामा : आणि खत? गोण्या आणून ओतायच्या?

भाची : दोन वेगळ्या टाक्यांत. एकीत कॅल्शियम नायट्रेट आणि लोह. दुसरीत मॅग्नेशियम सल्फेट, पोटॅश, स्फुरद, बाकीची सूक्ष्म द्रव्यं. दाट असताना एकत्र केली की कॅल्शियम सल्फेट-फॉस्फेटशी बांधला जाऊन तळाशी चुन्यासारखा बसतो, झाडाला काही मिळत नाही. पाण्यात पातळ करून मग एकत्र. सामू साडेपाच ते साडेसहा. ईसी, म्हणजे द्रावणातल्या क्षारांचं माप, रोपाला दीड, फळाच्या वेळी दोन ते अडीच.

मामा : पुण्याकडचे तर तीन-साडेतीन देतात म्हणे.

भाची : थंडीत देत असतील. उन्हाळ्यात झाड क्षारांपेक्षा पाणी जास्त ओढतं, मग पिशवीत उरलेलं द्रावण आपोआप दाट होतं. म्हणून उष्ण दिवसात आपण पातळ द्यायचं. आणि मामा, आपल्याकडे एक मोठी सोय आहे, ती घाटावर नाही. आपलं विहिरीचं पाणी मऊ. त्यांच्या बोअरच्या पाण्यात चुना इतका की सामू खाली आणायला रोज आम्ल ओतावं लागतं. आपल्याला पाण्यात काय घालायचं एवढाच विचार. काढायचं काही नाही.

मामा : खाडीकाठच्या विहिरी सोडून.

भाची : त्या सोडून. भुसाही समुद्राजवळच्या काथ्याचा असला तर खारट असतो. गोड्या पाण्याने धुऊन, मग कॅल्शियम नायट्रेटमध्ये भिजवून पुन्हा धुवायचा. हे टाळलं तर पहिल्या घोसालाच फळाच्या बुडाशी काळा, चामट डाग पडतो.

मामा : तो डाग मळ्यातही पडतो.

भाची : तेच कारण, कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. तो पाण्याबरोबर जातो, आणि पाणी ओढतात ती पानं. हवा दमट असली की पानंही ओढत नाहीत. पाण्यात कॅल्शियम भरपूर असूनही फळ उपाशी राहतं. म्हणून तर जाळी आणि वारा यांचा मेळ घालायचा आहे.

मामा : चवीचं बोल. असला टोमॅटो मुंबईत खाल्ला आहे मी. दिसायला सुंदर, तोंडात पाणी.

भाची : ती चव माती नसल्यामुळे गेलेली नाही. साखर पानात तयार होते, उन्हातून. टिकाऊ, जाड सालीचं वाण निवडायचं, हिरवं तोडायचं आणि गाडीत पिकवायचं, म्हणून चव जाते. बेळगावचा टोमॅटो मातीतलाच आहे की. तो तुम्हाला गोड लागतो का?

मामा : नाही लागत.

भाची : झाडावर लाल झालेला, त्याच दिवशी बाजारात नेलेला, द्रावण जरा दाट ठेवून वाढवलेला टोमॅटो आकाराने लहान आणि चवीला भरीव होतो. आपला बाजार चार मैलांवर. आपल्याला जाड साल हवीच कशाला?

यावर मामा गप्प झाले. या सगळ्या वादात मला भाचीचा हाच मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. आकडेवारीत हॉलंड चौरस मीटरला पन्नास-साठ किलो काढतो आणि आपण मोकळ्या शेतात सरासरी अडीच किलोच्या आसपास आहोत, असं सांगून पिशव्या विकल्या जातात. कोकणातला लहान शेतकरी ती शर्यत धावू शकणार नाही आणि त्याने धावूही नये. त्याच्यापाशी जवळचा बाजार आहे, मऊ पाणी आहे, भुसा गावचा आहे. झाडावर पिकलेलं फळ त्याच दिवशी विकणं घाटावरच्या मोठ्या बागायतदाराला इथे जमणारं नाही.

मामा : मला एक सांग, मर टाळायची तर मातीतच उपाय नाही का? आंब्याला आपण कलम बांधतो. टोमॅटोला का नाही?

भाची : बांधतात. तैवानमध्ये जागतिक भाजीपाला केंद्र आहे, १९७१पासूनचं. त्यांनीच उष्ण, ओल्या प्रदेशांसाठी वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम सुचवलं. वांग्याचं मूळ मर सोसतं, आणि पाणी साचलं तरी टोमॅटोच्या मुळासारखं लगेच कुजत नाही. बेंगळुरूच्या बागवानी संस्थेनेही मर सोसणारं ‘अर्का रक्षक’ काढलं आहे. पण राल्स्टोनियाच्या जाती गावोगाव वेगळ्या. एकीकडे टिकलेलं वाण दुसरीकडे पडतं.

मामा : मग लावून बघू. मी मळ्यात कलमं लावतो, तू परसवात पिशव्या मांड. पण माझी एक अट आहे. ते निथळलेलं पाणी. खाली जांभा आहे, भोकांभोकांचा. वर सांडलं ते विहिरीत. त्यात तुझं नायट्रेट. ती विहीर आम्ही पितो.

भाची : ते पन्हाळीतून एका टाकीत गोळा करायचं, पातळ करून माड-पोफळीला द्यायचं. जानेवारी ते मे त्यांना शिंपण लागतंच.

मामा : आणि पावसात? तेव्हा माडाला पाणी कशाला हवं? टाकी भरून वाहील आणि सगळं विहिरीत.

भाची : पावसात पीकच नाही. ते तर तुम्हीच काढायला लावलंत.

मामा : मग हिशेब धर. फूल नोव्हेंबर-डिसेंबरात यायला हवं, रात्र थंड असते तेव्हा. म्हणजे लागण ऑक्टोबरात, पाऊस सरता सरता. बी सप्टेंबरात. माझ्या कलमांसाठी वांगं टोमॅटोच्या काही दिवस आधी पेरावं लागेल, ते हळू वाढतं.

भाची : कलम बांधल्यावर आठवडाभर सावलीत, दमट ठेवायचं. आणि लावताना जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे. मातीत गेला तर वरचा टोमॅटो स्वतःची मुळं सोडतो, आणि जंतू तिथूनच आत येतो.

मामा : भर घालायची नाही म्हणजे.

भाची : टोमॅटोला घालतो तशी अजिबात नाही. खाली वाळलेलं गवत पसरा, आणि पहिल्या दिवसापासून काठी.